रक्तगट जुळत नाही, म्हणून मूल आपले नाही?

“डॉक्टर, माझा रक्तगट एबी आणि मुलाचा ओ. मग हे मूल माझे कसे?” असा प्रश्न तुमच्या मनात असेल, तर कुणावरही आळ घेण्याआधी हे वाचा.

एबी रक्तगटाच्या पालकाला सहसा ओ गटाचे मूल होत नाही, हे खरे. पण ‘सहसा’ हा शब्द विसरू नका. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत एका वेगळ्या रक्तगटाची नोंद केली. त्यात आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे ‘एच’ हा घटक तयारच होत नाही. त्यामुळे ए किंवा बीचे जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत रक्त ‘ओ’ दिसते. हाच बॉम्बे रक्तगट. तो दुर्मिळ आहे. पण तपासणीतली किंवा नोंदीतली चूकही होऊ शकते. त्यामुळे नुसत्या रक्तगटाच्या कार्डावरून पितृत्व ठरवू नका.

डीएनए चाचणी मात्र भरवशाची. तपासलेल्या प्रत्येक जागी मुलाकडे एक खूण आईची, एक वडिलांची असते. गालाच्या आतून बोळा फिरवला की नमुना मिळतो. म्हणून घरबसल्या किट मागवायचे? नमुना नक्की कुणाचा, याला साक्षीदार नसेल तर त्या कागदाला न्यायालयात फारसे वजन नाही. घरातला विश्वास मात्र त्याच दिवशी मोडतो.

कायद्यानुसार वैध विवाहात जन्मलेले मूल पतीचेच मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले की अशी चाचणी उठसूट मागता येणार नाही. २०२३ मध्ये पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी करायलाही नकार दिला. योग्यच केले. भांडण मोठ्यांचे, त्यात लेकराला पुरावा का करायचे?

“पण दुसऱ्याच्या मुलाची पोटगी मी का भरू?” प्रश्न रास्त आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात डीएनए अहवाल पतीच्या बाजूने आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुलीच्या पोटगीतून मोकळे केले. म्हणजे खऱ्या शंकेला दार उघडे आहे. मात्र पोटगीचा दावा लागताच अचानक सुचलेली शंका ही शंका नव्हे, पळवाट आहे.

ही चाचणी मुलाच्या बाजूनेही उभी राहते. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही वडिलांकडून पोटगीचा हक्क आहे. तिथे बाप हात झटकू लागला, तर हाच अहवाल त्याला बांधतो. न्यायालयाने सांगूनही नमुना दिला नाही, तर तो नकार त्याच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो.

म्हणून शंका असेल तर वकिलामार्फत न्यायालयात जा. निकाल लागेपर्यंत मुलाची फी आणि औषधे थांबवू नका. आणि “तू माझा नाहीस” हे शब्द मुलासमोर कधीही उच्चारू नका. उद्या अहवाल तुमचेच नाव घेऊन आला, तरी ते शब्द परत घेता येणार नाहीत.