जातीचा रकाना कोरा ठेवू नका

दोस्तांनो, कवितेत आपण जात बोंबलून सांगतो. मग नोकरीचा फॉर्म पुढे आला की पेन का अडतं?

गोदीत पाळी सुटली की पोरं माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. नाव, जन्मतारीख, शिक्षण झरझर सांगतात. जातीच्या रकान्यापाशी आवाज बसतो. कुणी म्हणतो कोरा ठेव, कुणी म्हणतो 'खुला' लिही, साहेबाला कळायला नको. अरे, आडनावावरून, वस्तीवरून साहेबाला कधीच कळलंय! बुडतो तो फक्त तुझा हक्क.

घटनेचं 16(4) कलम याच रकान्यातून तुझ्यापर्यंत पोचतं. केंद्राच्या भरतीत वयाची 5 वर्षं सूट इथूनच. संघ लोकसेवा आयोग अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडून फी घेत नाही, तेही इथूनच.

दुसरा घोळ धर्माचा. 1956 ला बापजादे बौद्ध झाले आणि केंद्राच्या सवलतींना मुकले. राज्यानं दिल्या, केंद्रानं 34 वर्षं दिल्या नाहीत. म्हणून घरात बुद्ध अन् फॉर्मवर 'हिंदू महार'. 1990 साली कायदा बदलला, जुना सल्ला मात्र अजून वस्तीत फिरतोय. धर्म बौद्धच लिहा. जात लिहा ती अनुसूचित जातींच्या यादीतली, दाखल्यावर आहे तशी. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं की कारकुनाला अडवायला आयतं निमित्त.

दाखल्याला पुरावा मागतात 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. ज्या आज्याला शाळेच्या बाहेर बसवलं, त्याचा शाळेचा दाखला आणा म्हणे! च्यायला, शिव्या जरूर द्या, पण गावी जाऊन कोतवाल बुकातली नोंदही काढा. जाहिरात निघायच्या आधी काढा. केंद्राच्या नोकरीला दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तस्संच, एक वेलांटी इकडची तिकडे नको. सायबरवाल्यानं भरला तरी बटण दाबायच्या आधी स्वतः वाचा.

काही शिकलेले मित्र विचारतात, जात मोडायची तर लिहायची कशाला? त्यांना माझं सांगणं एवढंच : ज्यांनी ती आपल्या कपाळावर लिहिली, त्यांनी आपल्याला विचारलं नव्हतं. आज आपण आपल्या हातानं लिहितोय ती हिशेब मागायला. कोऱ्या कागदावर कोण हिशेब देतो?

जय भीम.