गाडीपट्टी कोणाची आणि पोलीस कोणाचे?

पोलीस पाहिजेत कीं नकोत, हा वाद आम्हांस मुळींच घालावयाचा नाहीं. ज्याच्या विहिरीवरील पंपाची तांब्याची तार रातोरात कापून नेली जाते, त्यास चौकीची गरज पुस्तकी पंडितांनीं शिकवावी लागत नाहीं. अशा चोऱ्या दूर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांतही होतात व तेथील मधल्या खोऱ्यांतले शेतकरी त्यांनीं त्रासून गेलेले आहेत. प्रश्न एवढाच कीं, पोलिसांचा खर्च निघतो कोणाच्या खिशांतून? त्या राज्यांत त्याचा एक भाग गाडीपट्टींतून काढतात. आणि ही पट्टी ज्या रीतीनें त्या कामीं लावली गेली ती रीत आम्हांस सरळ दिसत नाहीं. कर भरणारा कोणत्याही मुलखाचा असो, हिशेब त्यास कळला पाहिजे. म्हणून तो आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढें मांडतों.

मोटारगाडी ही घरादारासारखी मालमत्ताच. तिच्यावर पूर्वीं तेथें मालमत्तेचा कर बसे. १९३५ सालीं तो काढून त्याऐवजीं गाडीच्या किंमतीवर फी बसविण्यांत आली. वसूल करावी राज्य सरकारनें, पण पैसा नगरांचा व काउंट्यांचा. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखी. १९४८ पासून दर शेंकडा २ होता, म्हणजे दहा हजार डॉलर किंमतीच्या गाडीस २०० डॉलर. गाडी जुनी होईल तशी फी उतरे. श्रीमंताच्या नव्या कोऱ्या गाडीस जास्त, शेतमजुराच्या खटाऱ्यास थोडी. कर बसवावयाचाच तर असा बसवावा, असें आमचें मत आहे. हा पैसा नगरांना व काउंट्यांनाच मिळावा, असें मतदारांनीं १९८६ सालीं राज्याच्या घटनेंतच घालून घेतलें.

पुढें सरकारच्या तिजोरीस सुगीचे दिवस आले आणि १९९८ च्या कायद्यानें फी कमी होऊं लागली. गांवांची तूट सरकार भरून देई. सुगी सरली. २००३ सालीं गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या कारकीर्दींत दर पुन्हां पहिल्यासारखा झाला, लोक खवळले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मतदारांनीं त्यांस पदावरून दूर केलें. त्यांच्या जागीं आलेले आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनीं १७ नोव्हेंबर २००३ रोजीं शपथ घेतली व त्याच दिवशीं वाढ रद्द केली. टाळ्या मिळाल्या, खड्डा मात्र सालीना सुमारें चार अब्ज डॉलरांचा राहिला. २००४ सालीं दर शेंकडा ०.६५ वर कायम झाला आणि जुन्या नगरांना त्याच्या बदल्यांत मालमत्ता-कराचा वाटा मिळाला. त्यानंतर जन्मणाऱ्या नगरांना तो वाटा नव्हता. म्हणून २००६ च्या कायद्यानें त्यांचा संसार उरल्यासुरल्या गाडीपट्टीवर बसविण्यांत आला. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

आतां पोलिसांकडे येऊं. २००९ सालीं पुन्हां टंचाई आली तेव्हां दर दोन वर्षांपुरता १.१५ केला व त्यांतील ०.१५ भाग स्थानिक पोलीस व बालगुन्हेगारांवरील देखरेख अशा कामांसाठीं राखला. उघड दर, उघड काम. याला आमची हरकत नाहीं. पण ३० जून २०११ रोजीं मुदत संपली. गव्हर्नर जेरी ब्राउन यांस ती वाढवावयाची होती, पण विधिमंडळांत त्यासाठीं लागणारीं दोन तृतीयांश मतें मिळालीं नाहींत. तेव्हां पोलिसांच्या अनुदानासाठीं दोन ठिकाणीं हात घालण्यांत आला.

पहिला हात गाडी-नोंदणीच्या फींत. ती सरसकट १२ डॉलरांनीं वाढविली. त्यांतून वाहनखात्याचा खर्च भागवून, त्या खात्याकडे जाणारी गाडीपट्टी पोलिसांकडे वळविली. वाचकांनीं बोटांवर हिशेब करावा. ज्याची गाडी चाळीस हजारांची, त्याचा दर १.१५ वरून ०.६५ झाल्यानें २०० डॉलर वांचले. १२ जास्त पडले, निव्वळ नफा १८८. ज्याचा खटारा एक हजाराचा, त्याचे वांचले ५ आणि गेले १२. म्हणजे पोलिसांच्या नांवानें खटारेवाल्यानें सात डॉलर पदरचे घातले आणि बंगलेवाला सुटला! जेथें आगगाडी नाहीं, मोटारबस नाहीं, तेथें मजुरास गाडीवांचून कामावर जातांच येत नाहीं. ती त्याची चैन नव्हे, अवजार आहे.

दुसरा हात नगरांच्या वाट्यांत. गाडीपट्टींतील नगरांचा उरलेला हिस्सा काढून पोलीस-अनुदानाच्या खात्यांत टाकला. घटनेचें अक्षर राखलें गेलें, कारण पैसा अखेर नगरें व काउंट्या यांच्याकडेच जावयाचा होता. पण ज्याच्या ताटांतला घांस होता त्याच्याच ताटांत तो पडला नाहीं. याचा सर्वांत मोठा मार रिव्हरसाइड काउंटींतील मेनिफी, वाइल्डोमर, ईस्टव्हेल व हुरूपा व्हॅली या चार नव्या नगरांस बसला. हुरूपा व्हॅलीचा जन्मच १ जुलै २०११ चा! पाळण्यांत घालतांच तिच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग गेला. या नगरांचे स्वतःचे पोलीस नव्हते. काउंटीच्या शेरीफशीं करार करून ते आणावे लागत, आणि अशा नगरांत तोच खर्च मोठा. म्हणजे पोलिसांसाठीं म्हणून जो पैसा काढला, तो पोलिसांचें बिल भरणाऱ्याच्याच हातांतून काढला. हुरूपा व्हॅलीवर नगर मोडून टाकण्याचा विचार करण्याची पाळी आली.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. २३ मे २०११ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कॅलिफोर्नियाच्या खच्चून भरलेल्या तुरुंगांतील गर्दी कमी करण्याचा हुकूम कायम केला. १ ऑक्टोबरपासून हलक्या गुन्ह्यांचे कैदी काउंट्यांच्या कैदखान्यांकडे आले. ओझें दिलें तर दाणावैरणही दिली पाहिजे, आणि रानांतल्या लहान काउंट्यांच्या शेरीफांस हें अनुदान खरोखरच लागतें. परंतु कैदी साऱ्या राज्याचे, गर्दी साऱ्या राज्यानें केलेली. मग तिची भरपाई चार तान्ह्या नगरांनीं कां करावी?

त्यांना न्याय देणारीं विधेयकें ब्राउनसाहेबांनीं एकदां नव्हे, अनेकदां परत धाडलीं. २०१७ सालीं मात्र कायदा होऊन चारही नगरांचें उत्पन्न पुन्हां सुरू झालें. खटारेवाल्याचे बारा डॉलर कांहीं परत आले नाहींत. त्याच २०१७ सालीं रस्त्यांसाठीं दुसरी एक फी ठरली, ती मात्र किंमतीच्या पायऱ्यांनीं: पांच हजारांखालील गाडीस २५ डॉलर, साठ हजार व त्यावरील गाडीस १७५. रस्त्यांसाठीं जें जमलें तें नोंदणीच्या फीसही लावावें, आणि पोलिसांना गाडीपट्टींतून किती पैसा जातो तो आंकडा गाडीवाल्याच्या पावतीवर छापावा, अशी मागणी तेथील मजुरांनीं आपल्या प्रतिनिधींकडे अवश्य करावी.