टोमॅटोचा प्रवास आणि महापौरांचं खातं

आज डब्यात कोणती भाजी होती? आणि ती दिली कोणी? "भाजीवाल्याने!" असं म्हणू नका हं. तो नुसती विकतो.

समजा, शेतकऱ्याने टोमॅटो 10 रुपये किलोने दिला. मग अडत्या, व्यापारी, टेम्पोवाला, दुकानदार असे हात बदलत बदलत तो आईच्या पिशवीत पडेपर्यंत 40 रुपयांचा होतो. शेतकरी म्हणतो, परवडत नाही. आई म्हणते, महाग आहे. गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलतात! मग यावर उपाय कोणी करायचा?

ब्राझील देशात बेलो होरिझोन्ते नावाचं मोठं शहर आहे. 1993 साली तिथले महापौर पात्रुस अनानियास यांच्या पालिकेने ठरवलं, की पाणी आणि रस्ते हे जसं आपलं काम, तसंच प्रत्येकाला चांगलं अन्न मिळतंय ना, हे बघणंही आपलंच काम. त्यासाठी चक्क एक वेगळं खातं उघडलं!

या खात्याने आसपासच्या लहान शेतकऱ्यांना शहरात विक्रीसाठी जागा दिल्या. मधले हात गेले. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले, गिऱ्हाइकाला भाजी स्वस्त पडली. काही दुकानदारांनाही मोक्याच्या जागा दिल्या, पण एका अटीवर: ठरावीक जिन्नस पालिका सांगेल त्याच भावाने विकायचे. शिवाय स्वस्त खानावळी काढल्या. तिथे कोणीही यावं, जेवावं. "तू गरीब आहेस का?" असं कोणी विचारायचं नाही. म्हणजे लाजायचं कारणच उरलं नाही. आणि एवढ्या सगळ्याला खर्च किती? पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या 2 टक्क्यांहूनही कमी!

पुढे 2009 साली ब्राझीलने देशभरासाठी कायदा केला. शाळेतल्या जेवणासाठी केंद्र सरकार जे पैसे देतं, त्यातल्या किमान 30 टक्क्यांचा माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायचा, असं तेव्हा ठरलं.

हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का. शाळेला भोपळा सोमवारी लागतो आणि वेलीला तर सोमवार कळत नाही! म्हणून काय आणि किती लागणार, हे पेरणीच्या आधीच शेतकऱ्याला सांगावं लागतं. नियोजन म्हणतात ते हेच.

आता तुमचं काम. शाळेतल्या खिचडीचा तांदूळ, डाळ, भाजी कुठून येते, ते स्वयंपाकाच्या मावशींना विचारा. तुमच्याच गावच्या शेतातलं त्यात किती, तेही वहीत टिपून ठेवा. उत्तर शून्य आलं, तर सरांना पुढचा प्रश्न विचारा: "का?"