वर्गणी वेगळी, भाडं वेगळं

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण साठ किलोमीटर. या रस्त्यावर अपडाऊन करणारे शिक्षक, बँक कर्मचारी, कारखान्यांतले अधिकारी चौघे मिळून एका गाडीत बसतात आणि पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. त्याच रस्त्यावर एखादी खासगी गाडी बसस्थानकाबाहेर थांबून ‘चला संभाजीनगर, दोनच सीट’ अशी हाळी देत भरली जाते. पहिली सोय आहे, दुसरा धंदा, हे शेंबडं पोरही सांगेल. मोटार वाहन कायदा, 1988 मात्र ते स्पष्ट सांगत नाही. मोबदला घेऊन प्रवासी नेले की परमिट हवं. ते नसेल तर 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. खर्चाची वाटणी या मोबदल्यात मोडते का, याची व्याख्या कायद्यात नाही.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो आणि याच कायद्याचं कलम 150 ही अट विमा कंपनीला बचाव म्हणून वापरू देतं. म्हणजे शंभर रुपये वर्गणी दिलेल्या सहप्रवाशाचा अपघात झाला, तर ती वर्गणी होती की भाडं, यावर त्याच्या घरच्यांना कोर्टात वाद घालावा लागू शकतो. महाराष्ट्राने जानेवारी 2023मध्ये खासगी वाहनांच्या पूलिंगला मनाई केली, पुढे 2025मध्ये आठवड्याला 14 फेऱ्यांच्या मर्यादेसह परवानगी दिली. पाऊल योग्य, पण ते ॲपपुरतं. जालन्यात अशा जोड्या स्टाफरूममध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जमतात. शिवाय राज्याच्या धोरणाने केंद्रीय कायद्यातली संदिग्धता मिटत नाही.

ती मिटवणं अवघड नाही. ब्रिटनच्या 1988च्याच कायद्यात तरतूद आहे : आठपेक्षा जास्त प्रवासी बसणारी गाडी नसावी, एकूण वर्गणी घसाऱ्यासह प्रवासखर्चापेक्षा जास्त नसावी आणि ती निघण्याआधी ठरलेली असावी, मग ते भाडं धरलं जात नाही. हा हिशेब इथे करून पाहा. लिटरला पंधरा किलोमीटर आणि शंभर रुपये धरले तर संभाजीनगरपर्यंत चारशेचं पेट्रोल. तिघांनी शंभर-शंभर दिले तर मालकही शंभर सोसतो. प्रत्येकी अडीचशे घेतले तर साडेसातशे जमतात. ती कमाई झाली.

परमिट, बॅज, फिटनेसचा खर्च करणारे टॅक्सीवाले विचारतील, आमच्या पोटाचं काय? प्रश्न रास्त आहे, पण नफाच नसेल तर केवळ प्रवासी नेण्यासाठी गाडी कोण काढेल? त्यांचं गिऱ्हाईक पळवतो तो स्थानकाबाहेर हाळी देणारा, आणि स्पष्ट व्याख्येमुळे त्याला पकडणं सोपं होईल. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा : बिनपरमिटच्या गाडीचा भरवसा काय? जुलै 2024मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळी-पिवळी टॅक्सी जालना-राजूर रस्त्यावर विहिरीत कोसळून सात जण गेले. नुसतं परमिट जीव वाचवत नाही; त्यासाठी रस्त्यावरची तपासणी आणि विहिरींना कठडे लागतात. अंमलबजावणी कशी, असंही विचारलं जाईल. प्रादेशिक परिवहन प्राधिकरण टॅक्सीचं भाडं ठरवतं, तशीच वर्गणीची प्रतिकिलोमीटर कमाल रक्कम जाहीर करावी. त्या रकमेच्या आत राहणाऱ्याला परमिट मागू नये आणि त्याच्या सहप्रवाशांचा विमाही नाकारता येऊ नये, इतकं संसदेने कायद्यात लिहावं.