जमीन सातबाऱ्यावर, पाणी कुणाच्या नावावर?

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूर स्थानकात पोहोचली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी! मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याआधीच, मार्चमध्ये, पाणवठ्यांवर दंगल होऊ नये म्हणून तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 अन्वये जमावबंदी लागू करावी लागली होती. मात्र याच शहरात, याच दिवसांत, ज्यांच्या बोअरला पाणी होते त्यांच्यापैकी अनेकांचे टँकर भरत होते आणि पैसे मोजून रिकामे होत होते. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणणे शक्य झाले. परंतु कुंपणापलीकडच्या पाण्याला हात लावणे शासनाला अवघड वाटले. असे का व्हावे?

कारण कायद्याची मूळ धारणाच तशी आहे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचे कलम 7 सांगते की, निश्चित प्रवाहात न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याचा विनियोग करण्याचा हक्क जमीनमालकाचा आहे. ही धारणा आपली नव्हे. 1843 साली इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. तेथील न्यायालयाने त्याला दाद नाकारली. जमिनीखालचे प्रवाह गूढ आहेत, त्यांना नियमात बांधता येत नाही, असा तर्क त्यामागे होता. आज ते गूढ उरलेले नाही. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून फिरणारे पाणी गटक्रमांक ओळखत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. एकाने पाचशे फूट बोअर घेतला की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. मग 'माझ्या जमिनीतले पाणी' या शब्दप्रयोगाला अर्थ तो काय उरला?

आपल्याकडे विहीर वा तळे बांधणाऱ्याने जलाशयोत्सर्गाचा विधी करावा, असे धर्मशास्त्र सांगते. बांधणाऱ्याने ते पाणी सर्व भूतमात्रांसाठी अर्पण करायचे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात या विषयावर 'उत्सर्गमयूख' हा स्वतंत्र ग्रंथच रचला. तथापि, ग्रंथातील उदारता आचरणात उतरली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळे केवळ आमचेच आहे, असा दावा घेऊन सवर्ण मंडळी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये तो दावा फेटाळला. तहानलेल्यासमोर मालकीची भाषा बोलणारा समाज स्वतःचीच परंपरा बुडवतो, हा महाडचा धडा आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती क्षुल्लक नाही. कर्ज काढून एखाद्या अल्पभूधारकाने बोअर घेतला, चार कोरडे गेले, पाचव्याला पाणी लागले. टंचाईत प्रशासन तोच बोअर अधिग्रहित करते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मोसंबीची बाग वाळते. त्याचा हक्क कस्पटासमान मानायचा काय? मुळीच नाही. जोखीम त्याची, श्रम त्याचे; म्हणून भरपाई पूर्ण आणि वेळेवर मिळालीच पाहिजे. परंतु जोखमीने खोदकामाची मालकी सिद्ध होते, पाण्याच्या थेंबाची नव्हे. बागेचे मोल पैशात करता येते; घोटभर पाण्यावाचून तडफडणाऱ्या मुलाचे मोल कोणत्या दराने करणार?

खरा आक्षेप हक्कावर नसून हक्काच्या क्रमावर आहे. पहिला हक्क माणसाच्या आणि जनावरांच्या तहानेचा, दुसरा उभे झाड जगवण्याचा, आणि त्यानंतर उसाचा व विक्रीचा. आज व्यवहारात हा क्रम उलटा चालतो. लहान शेतकऱ्याचा बोअर ताब्यात घेणारे शासन पाणीविक्रेत्याच्या आणि मोठ्या ऊसमळ्याच्या दारात मात्र घुटमळते.

महाराष्ट्राचा भूजल अधिनियम 2009 मध्ये संमत झाला आणि 2014 मध्ये अमलात आला. विहिरींची नोंदणी, 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण, हे सारे त्यात आहे. नाही ती इच्छाशक्ती. बोअरयंत्राची गाडी रात्री गावात शिरते, तेव्हा हा कायदा कोठे झोपलेला असतो?

कायदा जागा करणे हे जागृत समाजाचे काम आहे. प्रत्येक गावाने आपल्या बोअरची नोंद स्वतः करावी, उन्हाळ्यापूर्वी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडावा, आणि शहरातील बंगलेवाल्यांनी आपल्या अंगणातील बोअरचा नळ कुंपणाबाहेर काढावा. मिरजेच्या लोकांनी लातूरला पाणी देताना सातबारा मागितला नव्हता. शेजाऱ्याने तरी तो का मागावा?