तोंडचं पाणी

आग्र्याला पहिल्या पॅराशूट उडीसाठी विमानाच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ‘तोंडचं पाणी पळणं’ म्हणजे काय ते मला कळलं. जीभ टाळूला चिकटली होती. भीती वाटली की शरीर लाळेचा नळ बंद करतं. आपल्याकडे पूर्वी चोरीचा आळ आलेल्या माणसाला तांदूळ चावून थुंकायला लावत. त्याला तंडुल दिव्य म्हणत. थुंकीत रक्त दिसलं, अंग थरथरलं की तो दोषी. घाबरलेल्याच्या कोरड्या तोंडात तांदूळ टोचणारच, मग तो चोर असो की निर्दोष!

जमिनीवर पाय टेकले आणि थोड्याच वेळात माझ्या तोंडाला पाणी परत आलं. ज्यांचं परत येत नाही, त्यांच्याविषयी आज लिहायचं आहे.

बंगळुरूला पोस्टिंग आल्यावर अल्सूर तलावाच्या काठी सकाळी फिरताना एक निवृत्त सुभेदार भेटू लागले. मूळचे साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. मुलाच्या नोकरीमुळे आता इथे राहतात. हातात कायम पाण्याची बाटली. एकदा म्हणाले, “साहेब, भाकरी घशाखाली उतरत नाही. ताकात कुस्करून खातो. रात्री जीभ लाकडासारखी होते.” मी काय सांगावं? “सुभेदार साहेब, पाणी जास्त प्या.” जवानांना वीस वर्षं हेच सांगत आलोय. घरचे म्हणत, वय झालं. विषय तिथेच संपला.

काही महिन्यांनी त्यांचे दोन दात हिरडीपाशी किडून तुटले, तेव्हा मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास भिजवते, आम्ल धुऊन काढते, दातांना खनिजं परत देते, बुरशीला आवर घालते. लाळ आटली की दात मुळाशी किडतात, कवळी टिकत नाही, जिभेची आग होते, तोंडात पांढरे चट्टे येतात. नुसतं पाणी पिऊन ही सगळी कामं होत नाहीत.

आणि हे केवळ वयामुळे होतं, हेही खरं नाही. सर्वांत मोठं कारण औषधं. त्या सुभेदारांच्या पिशवीत चार ठिकाणच्या गोळ्या निघाल्या: रक्तदाबाची, लघवी जास्त करवणारी, वारंवार लघवी लागते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची, पायाच्या मुंग्यांसाठी तिसऱ्यांची अमिट्रिप्टिलिन, आणि सर्दीची, दुकानातून स्वतः घेतलेली. प्रत्येक गोळीला कारण होतं, पण चारही एकत्र कुणी पाहिल्या नव्हत्या. शिवाय ते तंबाखू-चुना मळत होते.

इतर कारणंही आहेत. साखर वाढलेली असेल तर तोंड कोरडं पडतं. घोरणाऱ्याचं, तोंडाने श्वास घेणाऱ्याचं रात्री पडतं. डोळेही कोरडे असतील आणि सांधे दुखत असतील तर शोग्रेन नावाचा आजार तपासावा लागतो. तो बायकांमध्ये जास्त, म्हणून घरातल्या आई-काकूंची तक्रारही हसण्यावारी नेऊ नका. इथल्या किदवाईत किंवा मुंबईच्या टाटात तोंडा-घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांच्या लाळग्रंथींनाच इजा होऊ शकते.

उपाय कारणाप्रमाणे ठरतो. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःहून एकही बंद करू नका. पाणी घोट घोट घ्या. बिनसाखरेचं च्युइंग गम चघळलं की उरलेल्या ग्रंथी कामाला लागतात. खडीसाखर आणि लिंबाची फोड सतत तोंडात धरू नका. कोरड्या तोंडात एकीने दात किडतात, दुसरीने झिजतात. फ्लोराइडची पेस्ट वापरा, दारू आणि तंबाखू सोडा. कृत्रिम लाळ मिळते. पायलोकार्पिनची गोळीही आहे, पण दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असणाऱ्यांना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

एनडीएच्या मेडिकलला आमचे दात मोजले गेले होते. किमान १४ डेंटल पॉइंट लागतात. नोकरीत असताना डेंटल ऑफिसर बोलावून घेतो आणि आपण कुरकुरत का होईना, जातो. निवृत्तीनंतर बोलावणारं कुणी नसतं, आणि आपण तर न सांगता सोसण्यात मोठेपणा मानणारी माणसं. गोळी लागली तर सांगू. तोंड कोरडं पडतं हे काय डॉक्टरांना सांगायचं! माझं मत स्पष्ट आहे: सांगायचं. दोन-तीन आठवडे तोंड सतत कोरडं राहिलं, तर तो रिपोर्ट करण्याजोगा प्रकार आहे. आणि आम्ही सेवेतल्यांनी जुन्या साथीदाराला “पाणी प्या” म्हणून वाटेला लावण्याआधी विचारावं, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

सुभेदार साहेबांच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली, एकीची मात्रा कमी केली, सर्दीची बंद केली. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही. बाटली हातात असतेच. पण परवा सांगत होते, ज्वारीची भाकरी ताकाशिवाय खाल्ली.

तुमच्या ओळखीत कुणी बाटली घेऊन फिरत असेल, तर आज त्यांना फोन करा.

जय हिंद.