राजपुत्राचा जबडा

निफाड तालुक्यातल्या विंचूरमध्ये एखाद्या पोराला विचारावं, तुला माहीत असलेल्या बाहुल्याचं नाव काय? उत्तर बहुधा ‘तात्या विंचू’ असंच येईल. गावाचं आणि त्या बाहुल्याचं नातं फक्त उच्चारापुरतं आहे. पण चिडवाचिडवीला तेवढं पुरतं. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधून १९९३ साली आलेला हा बाहुला खलनायक. त्याच्या कितीतरी आधीचा, शब्दभ्रमकार यशवंत पाध्ये यांनी जन्माला घातलेला आणि आता शंभरी ओलांडलेला बोलका बाहुला अर्धवटराव हा नावाप्रमाणेच अर्धवट. एक गुंड, एक चक्रम. राजपुत्र कुठे आहे?

विंचूरला सरदारकीचं वावडं असण्याचं कारण नाही. पेशवाईतले विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढले, त्यांच्या घराण्याच्या पुण्यातल्या वाड्यात लोकमान्य टिळकांनी १८९४ साली सार्वजनिक गणपती बसवला. गोष्टीत शोभतील असे वाडे आणि तलवारी मराठी मुलखात हव्या तेवढ्या आहेत. तरी मराठी मुलांच्या टीव्हीला लक्षात राहील असा एकही बाहुला-राजपुत्र देता आला नाही.

याचं कारण लेखकांच्या आळसात शोधण्याआधी बाहुल्याच्या जबड्यात शोधायला हवं.

मराठी बाहुल्यांच्या जगात राजपुत्र होते आणि आहेत. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्यांतून रामायण-महाभारत सांगत आले. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथला राम दोऱ्यांवर चालतो, लढतो, वाकतो. पण त्याचा चेहरा हलत नाही. समोर बसलेल्या माणसाला त्याची गरजही वाटत नाही, निवेदकाचा आवाज आणि बाहुलीची मान यांवर सगळं भागतं. टीव्हीचं तसं नाही. कॅमेरा तोंडाजवळ जातो आणि हलणारे ओठ मागतो. शब्दभ्रमकाराच्या बोलक्या बाहुल्याला जबडा असतो, डोळे फिरतात, भुवया उडतात. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा पडद्याला हे बाहुले सोयीचे होते. मात्र बोलक्या बाहुल्याचा धंदाच मुळी मालकाला उलट उत्तर देण्याचा. उर्मट पोरगा, खट्याळ म्हातारा, फटकळ बाई ही त्याची माणसं. धीरोदात्त राजपुत्र मांडीवर बसवून त्याच्याकडून काय वदवून घ्यायचं?

अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ने १९६९पासून याच अडचणीचं भांडवल केलं. त्यांचे मपेट कापडाचे, तोंड उघडझाप करणारे. कलावंत पडद्याच्या चौकटीखाली हात उंचावून उभा राहतो आणि समोरच्या मॉनिटरवर स्वतःचं काम बघतो. त्या कार्यक्रमात केरमिट बेडूक वार्ताहर बनून परीकथांच्या ठिकाणी जातो. रॅपंझेलच्या मनोऱ्याखाली राजपुत्र केस सोडायला सांगतोय, वर तिला ऐकूच येत नाही, आणि शेवटी ऐकू येतं तेव्हा तिच्या डोक्यावरचे सगळेच केस खाली येतात. मपेटांच्याच १९७१च्या ‘फ्रॉग प्रिन्स’ या वेगळ्या कार्यक्रमात तर राजपुत्र जवळजवळ सगळा वेळ एवढासा बेडूक असतो आणि राजकन्येचे शब्द शापाने उलटसुलट झालेले असतात. मुलं हसत हसत ते शब्द सुलटे करत बसतात. रुबाब आणि फजिती एकाच बाहुल्यात आली की तो मुलांचा होतो.

‘सेसमी’चा भारतीय अवतार ‘गल्ली गल्ली सिम सिम’ २००६ साली आला. त्यात शाळेच्या गणवेशातली चमकी पुढे होती, आणि ते योग्यच होतं. मुलींना वाट पाहत बसलेल्या राजकन्यांपेक्षा चमकी हवी. पण म्हणून राजपुत्राला हद्दपार करण्याचं कारण नाही. मुलांना त्याची फजिती बघायची आहे, आणि ती मोठ्या माणसांच्या बढाया ओळखायची पहिली तालीम असते.

मराठी वाहिन्या लहान मुलांना गाण्याच्या स्पर्धेत उभं करून मोठ्यांची गाणी गायला लावतात. त्यात मूल राबतं आणि मोठे टाळ्या वाजवतात. बाहुल्यांच्या कार्यक्रमात उलट होतं: मोठा माणूस घामाघूम होऊन हात वर धरतो आणि मूल हसतं. सह्याद्री वाहिनीने पिंगुळीचे कारागीर आणि मुंबई-पुण्याचे बोलक्या बाहुल्यांचे कलावंत एका स्टुडिओत आणले तर खर्च फार येणार नाही. लाकूड कोरणारे हात आहेत, जबडा बसवणारेही आहेत.

गोष्टही शोधायला दूर जावं लागणार नाही. राजपुत्र येवल्याहून राजकन्येसाठी पैठणी घेऊन निघालाय, विंचूरला त्याचा घोडा कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलाय. तो तलवार उपसून ओरडतो, बाजूला व्हा! ट्रॅक्टरवरची आजी खाली वाकून विचारते, “बाळा, माल कितीचा भरलाय?”